बन्सीत शिरलेला लोकवन

बियाण्यासाठी केलेल्या गव्हात भेसळ काढायचं काम मी वीसेक वर्षं करते आहे, आणि चांगलं करते. हे सांगताना मला लाजायचं कारण वाटत नाही. बिदरकडच्या हळ्ळीखेडच्या आसपासच्या चार-पाच गावांत कुणी गव्हाचा सीड प्लॉट घेतला, की ओंब्या निसवायच्या, म्हणजे बाहेर पडायच्या सुमारास त्याचा मला फोन येतो. मी बायका गोळा करते. आम्ही दहा-अकरा जणी शेताच्या एका कडेला ओळीनं उभ्या राहतो, प्रत्येकीची एक पात, आणि गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या गव्हातून हळूहळू पुढं सरकतो. त्या जातीचं नसलेलं झाड दिसलं की मुळासकट उपटायचं, पाठीवरच्या झोळीत टाकायचं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आणून ढीग करायचा. एवढंच काम. पण खाण्याच्या गव्हात दहा जाती मिसळल्या तरी पोळीला काही होत नाही, आणि बियाण्यात दहा झाडं राहिली तर पुढच्या वर्षी ती दहा जणांच्या शेतात जातात. म्हणून हे काम बारकाईनं करावं लागतं.

गहू मला सासरी कुणी शिकवला नाही. तो मी माहेरून घेऊन आले.

माझं माहेर औरादकडचं. काळी, खोल जमीन. वडील दसरा झाला की बन्सी गहू पेरायचे. पाणी नव्हतंच. पावसाळ्यात जमिनीनं जेवढी ओल धरली तेवढ्यावर, आणि पुढं थंडीतल्या दवावर तो गहू यायचा. तिफणीनं खोल पेरायचा, मग रास होईपर्यंत परमेश्वराच्या हवाली. झाडं उंच व्हायची, ओंबी चौकोनी, घट्ट, आणि कुसळं लांब, काळसर. सकाळी त्या शेतातून गेलं की परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा. बन्सीचा दाणा लांबट, कडक, काचेसारखा. दाताखाली धरला तर कट्‌कन आवाज करायचा. त्याच्या शेवया तुटायच्या नाहीत, रवा मोकळा व्हायचा, आणि सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर करायची तर तोच लागायचा. रोजचं खाणं मात्र ज्वारीचं. गव्हाची पोळी पाहुणा आला, सण आला, कुणी आजारातून उठलं तर. आमच्या घरी गव्हाचं पोतं वेगळ्या कोपऱ्यात असायचं आणि आई त्याच्यावर ज्वारीचं पोतं ठेवायची, म्हणजे येता-जाता कुणाचा हात जाऊ नये.

मग विहिरींवर मोटारी आल्या, बोअर आले. माझ्या चुलत्यांनी पहिल्यांदा विहिरीच्या पाण्यावर लोकवन केला. पाणी दिलं की लोकवन खुशाल यायचा, बन्सीपेक्षा जास्त भरायचा, आणि पोळी मऊ व्हायची. दोन-चार वर्षांत सगळे तिकडं वळले. मुलींनी सासरी जायच्या आधी पोळ्या लाटायला शिकायचं, असं ठरून गेलं. ज्वारीची भाकरी थापणारे हात हळूहळू लाटण्याकडं गेले. मी त्याच काळात वाढले. वडील मात्र थोडा का होईना, बन्सी करायचेच.

आम्हा पोरींना लोकवनाचं वेगळं आकर्षण होतं. त्याची काडी पोकळ असते. ओंबीच्या खालचं कांडं तोडून, एका टोकाला नखानं चीर पाडून तोंडात धरलं की पिपाणी वाजते. बन्सीची वाजत नाही. बन्सीच्या त्या कांड्यात पांढरा, कापसासारखा गर भरलेला असतो. म्हणून आम्ही पिपाण्यांसाठी चुलत्यांच्या शेतात जायचो आणि ओरडा खायचो. वडील एकदा मला म्हणाले होते, "पिपानी वाजली की तो बन्सी न्हाई, एवढं ध्यानात ठेव. रंग फसवतो, उंची फसवती. काडी फसवत न्हाई." तेव्हा मला ते फक्त पिपाण्यांबद्दलचं बोलणं वाटलं होतं.

लग्न होऊन मी इकडं आले. सासरची माणसं घरात कन्नड बोलणारी, मराठीही तितकीच येणारी. गव्हाला गोधी म्हणायला मी आठवड्यात शिकले. सासरी जमीन थोडी, त्यामुळे दुसऱ्यांच्या शेतात जाणं आलंच. पहिल्यांदा ज्या सीड प्लॉटात भेसळ काढायला गेले, तिथं म्होरक्या बाईनं मला दुपारपर्यंत शेवटच्या पातीला ठेवलं आणि दुपारनंतर स्वतःच्या शेजारी घेतलं. पुढं तिचे गुडघे गेले आणि टोळी माझ्याकडं आली.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो अलीकडचा आहे.

आमच्या शेजारच्या गावात एक म्हातारे शेतकरी आहेत. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं आणि त्यांच्या बायकोला अव्वा. अप्पांची चार एकरांची एक चौकोनी पट्टी रस्त्याला लागून आहे. काळी जमीन, विहिरीला पाणी. सगळीकडं लोकवन झाल्यावर रव्याच्या गिरण्यांना बन्सीसारखा कडक गहू मिळेना झाला, आणि मग बियाण्याला मागणी आली. अप्पांनी त्या वर्षी सुधारलेल्या बन्सीचा सीड प्लॉट घेतला. त्यांना या गव्हाचा अभिमान होता. पेरणीच्या वेळी त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, "पेरनी यंत्र मी सोता साफ केलंय. पेटी, नळ्या, समदं. एक दाना बी दुसरा न्हाई."

यंत्र त्यांच्या भावाचं होतं. भावानं आदल्या दिवशी त्यातून स्वतःचा लोकवन पेरला होता.

गहू पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आत असताना, आम्ही एक फेरी मारली होती. तेव्हा दोन्ही गहू हिरवेच, एकाच उंचीचे, फार काही सापडलं नाही. ओंब्या पूर्ण बाहेर पडल्यावर दुसरी फेरी करायची असते. ती मी चार दिवस पुढं ढकलली. आमच्या सगळ्यांच्या तुरी कापायला आल्या होत्या, शेंगा तडकायला लागल्या होत्या, आणि मला वाटलं बियाणं पास करायच्या सरकारी तपासणीला अजून आठवडा आहे. हा माझा अंदाज चुकला. तपासणीचे साहेब लवकर आले.

मला फोन आला तो अव्वांचा. "ये बाई लवकर. साहेब आलायत, आन् अप्पाचं तोंड बघवंना."

मी आणि माझी चुलत जाऊ, दोघी तुरीचे विळे टाकून तशाच निघालो. बाकीच्यांना निरोप धाडला. पोचलो तेव्हा साहेबांची मोटारसायकल रस्त्याच्या कडेला उभी होती आणि साहेब कडेच्या गव्हात उभे राहून कागदावर लिहीत होते. तरुण, धारवाडकडचे, कन्नड बोलणारे. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं, इथं मराठीत सांगते.

"तुम्हीच भेसळ काढणाऱ्या का?"

"व्हय."

"काय काढलं मग?" त्यांनी हातातल्या ओंब्या माझ्यापुढं धरल्या. निमुळत्या, विरळ, पांढुरक्या कुसळांच्या. लोकवन. कुणीही ओळखला असता. "मी चार ठिकाणी मोजलं. चारही ठिकाणी मर्यादेच्या वर आहे. हा प्लॉट मला नापास लिहावा लागेल."

अप्पा धुऱ्यावर उभे होते. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल. त्यांनी माझ्याकडं तोंड केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यंत्र मी साफ केलं होतं. ह्या बायांनीच नीट बघितलं न्हाई. तुरीच्या नादात माझं वावर सोडलं."

त्यातलं अर्धं खरं होतं आणि म्हणून ते फार लागलं. जाऊ पुटपुटली, "पेरलं कुनी, आन् बोलणी कुनाला."

मी साहेबांना विचारलं, "तुम्ही कुठं कुठं मोजलं?"

त्यांनी हातानं दाखवलं. इथं, इथं, तिकडं थोडं पुढं, आणि त्या बाभळीपाशी. चारही जागा रस्त्याच्या बाजूच्या. पलीकडच्या अंगाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं, चिखल होता, साहेबांच्या पायात बूट होते. मी तेव्हा ते तोंडावर बोलले नाही. बोलून त्यांना राग आणण्यात काही अर्थ नव्हता. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट बसायला लागली होती. ट्रॅक्टर रस्त्यावरूनच शेतात उतरतो. पेरणी रस्त्याच्या कडेनंच सुरू होते. पेटीच्या कोपऱ्यात, नळ्यांत जर जुने दाणे राहिले असतील तर ते पहिल्या काही फेऱ्यांतच पडून जाणार.

"साहेब, तुम्हाला आज अजून कुठं जायचंय का?"

"पुढच्या गावाला एक हरभऱ्याचा प्लॉट आहे."

"मग परत जाताना याच रस्त्यानं जाणार. तेव्हा एकदा थांबा. लिहायचं ते तेव्हा लिहा."

"तोपर्यंत तुम्ही उपटून टाकणार आणि मला सांगणार की शेत स्वच्छ आहे," ते म्हणाले. आवाज वाईट नव्हता. असं त्यांनी आधी पाहिलेलं असणार.

"एक झाड उपटणार न्हाई. तुमी आल्यावर मोजा."

त्यांनी घड्याळात बघितलं, कागद घडी करून खिशात ठेवला, आणि उन्हं कलायच्या आत येतो म्हणून गेले.

तोवर बायका आल्या. आमच्या अकरा जणी पूर्ण झाल्या. अप्पांनी हात हलवून सांगायला सुरुवात केली, "चला, उतरा. उपटा पटापटा. साहेब यायच्या आत समदं वावर साफ झालं पायजे."

बायका ओचे खोचून उतरायला लागल्या. मी त्यांना थांबवलं.

"कुनी काही उपटायचं न्हाई."

"कामून?" अप्पा ओरडलेच.

"उपटलं तर आपल्याकडं दाखवायला काय राहतंय? साहेबाच्या कागदावर मघाचा आकडा हाय. आपण उपटलं की तो म्हननार लपवलं. मला भेसळ कुठवर हाय ते त्याला दावायचंय."

"दावायचंय? माझी भेसळ मीच दावू?"

"व्हय अप्पा."

मी अव्वांकडं गेले आणि एखादं जुनं लुगडं असलं तर द्या म्हणाले. त्यांनी का, कशाला विचारलं नाही. घरातून एक लाल इरकली लुगडं घेऊन आल्या, काठ जाऊन मऊ झालेलं. आम्ही सगळ्या धुऱ्यावर बसलो आणि ते फाडलं. बोटभर रुंदीच्या चिंध्या. फाडताना एका बाईनं विचारलं, "अव्वा, हे लग्नातलं तर न्हाई ना?" अव्वा म्हणाल्या, "लग्नातलं कवाच फाटलं. हे बारशातलं हाय," आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मग मी समजावलं. नेहमीसारख्या पाती धरायच्या. लोकवनाचं झाड दिसलं की ओंबीच्या खाली चिंधी बांधायची आणि पुढं जायचं. शंका आली तर कांडं दाबून बघायचं. दबलं, पोकळ लागलं तर चिंधी. भरीव लागलं तर आपलं. नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण एखादी बन्सीची ओंबी किडीनं, पाण्यानं बारीक राहते आणि लोकवनासारखी दिसते.

"काडायचं सोडून बांधायलीस," जाऊ म्हणाली. "उद्या हेच परत काडायला यावं लागंल."

"येऊ की."

आम्ही रस्त्याच्या कडेनं सुरुवात केली. पहिल्या फेरीतच चिंध्या भराभर संपायला लागल्या. इथं एक, दोन हातांवर एक, कुठं जोडीनं दोन. माझा हिशेब चुकला आणि सगळ्या शेतात असंच निघालं तर मी स्वतःच्या हातानं अप्पांचं शेत लाल करून ठेवणार होते. साहेबांना नुसतं बघूनच नापास लिहिता आलं असतं. बायका बोलत होत्या, कुणाच्या तरी मुलीच्या बाळंतपणाबद्दल, आणि माझं लक्ष त्यांच्या बोलण्याकडं नव्हतं, गाठ मारायला कोण किती वेळा थांबते त्याकडं होतं. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत पहिल्यांदा मला वाटलं की गाठ मारायला थांबणं कमी झालंय. चौथ्या फेरीत जाऊ म्हणाली, "माझ्या पातीत एकच."

पाचव्या फेरीत एकही नाही.

मी सगळ्यांना थांबवलं आणि म्हटलं, आता जास्त बघा. आता डोळे फाडून बघा. कारण माणूस नाही म्हटलं की बघायचं सोडतो. आम्ही पुढं सरकत गेलो. चिखलातून गेलो, पाय घोट्यापर्यंत आत जात होते, लुगडी जड झाली. पलीकडच्या धुऱ्यापर्यंत सगळं शेत पालथं घातलं. त्या सगळ्या पसाऱ्यात तीन झाडं सापडली. त्यांतलं एक बार्लीचं होतं.

आम्ही परत रस्त्याकडं आलो आणि वळून बघितलं. रस्त्याच्या कडेनं एक लाल ठिपक्यांचा पट्टा दिसत होता, एखाद्या लुगड्याच्या काठासारखा, आणि त्याच्या पुढं नुसता गहू. एकसारखा, काळसर कुसळांचा, उन्हात थोडा निळसर दिसणारा. बायकांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

अप्पा धुऱ्यावरच होते. मी त्यांच्याजवळ गेले. "बघा अप्पा. दिसलं का? एवढ्या पट्ट्यातच हाय. यंत्राच्या पहिल्या काही फेऱ्या."

ते शेताकडं बघत होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "कुठवर हाय म्हनलीस?"

"आवं, चिंध्या हायत तिथवर. त्या काय दिसायल्यात लाल."

त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. नजर चिंध्यांच्या वरून कुठंतरी पलीकडं गेलेली होती. तेव्हा मला कळलं. हा माणूस त्या चिंध्या बघतच नव्हता. दहा-पंधरा हातांवरची लाल चिंधी त्याला दिसत नव्हती. मग पेटीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात अडकलेला गव्हाचा दाणा त्याला काय दिसणार?

मला एकदम त्यांचा सकाळचा आवाज आठवला, आणि त्याचा राग राहिला नाही.

बायका पाण्याच्या घागरीपाशी गेल्या होत्या. आमच्या जवळ कुणी नव्हतं. मी म्हटलं, "चला, उतरू या जरा वावरात." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, यावरूनच मला काय ते समजलं. पहिल्या चिंधीपाशी नेऊन मी त्यांची बोटं ओंबीच्या खालच्या कांड्यावर ठेवली.

"दाबा."

त्यांनी दाबलं. कांडं चपटं झालं.

मग शेजारच्या झाडाचं कांडं हातात दिलं. तेही दाबलं. ते दबेना. त्यांनी दोनदा, तीनदा दाबून बघितलं. मग स्वतःच पुढचं झाड चाचपलं, त्याच्या पुढचं. त्यांची बोटं जाड, नखं तुटकी, पण ती काडीवरून इतकी हलकी फिरत होती की एकही ओंबी वाकली नाही. आम्ही असे चौथ्या फेरीच्या पुढं गेलो. तिथं त्यांना सगळ्या काड्या भरीव लागल्या. दहा, बारा, पंधरा काड्या त्यांनी बघितल्या.

"हितून पुढं बन्सीच," ते म्हणाले.

"व्हय."

"मी पेटी साफ केली होती गं."

"केली होती. मला ठावं हाय."

"हात फिरवला असता तर घावलं असतं. मी नुसतं बघितलं." मग ते म्हणाले, "दोन वर्सं झाली. आदी वाटलं धुकं पडायलंय. घरात कुनाला बोललो न्हाई. म्हातारीला वाटतंय मी मुद्दाम चष्मा घालंना."

त्यांच्या वयाच्या माणसाला शेतातून काढून ओट्यावर बसवायला आमच्याकडं फार वेळ लावत नाहीत. ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "अप्पा, मोतीबिंदू असंल. काडत्यात ते. माझ्या सासूबाईचं काडलं की."

"काडल्यावर दिसतंय?"

"माझी चूल पेटली का न्हाई ते त्या त्यांच्या खोलीतनं सांगत्यात."

ते हसले नाहीत, पण वळून धुऱ्याकडं चालायला लागले, आणि या वेळी माझा हात त्यांनीच धरला.

उन्हं कलायच्या आधी साहेब आले. मोटारसायकल लावताना त्यांची नजर शेतावर गेली आणि ते तिथंच थांबले. मी त्यांना काय केलं ते सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि ठेवू नये हेच बरोबर होतं. ते म्हणाले, "चिंध्या तुम्ही बांधल्या. जिथं बांधल्या नाहीत तिथं भेसळ नाही, हे मी कशावरून मानू?"

"तुमी मानू नका. जावा आन् बघा. पाहिजे तिथं."

त्यांनी बूट काढून धुऱ्यावर ठेवले, पँट दुमडली आणि चिखलात शिरले. मी मागं गेले नाही. बायका सगळ्या धुऱ्यावर उभ्या राहिल्या. साहेब मधोमध गेले, मग पार पलीकडच्या कोपऱ्यात, मग वाकडेतिकडे परत. एका ठिकाणी त्यांनी हात वर करून मला बोलावलं. तिथं एक झाड बारीक ओंबीचं होतं, पांढुरकं.

"हे राहिलं तुमचं," ते म्हणाले.

मी बघितलं. मलाही क्षणभर लोकवनच वाटलं. मग मी कांडं तोडून, मधे चिरून त्यांच्या हातात दिलं. आत पांढरा गर भरलेला. त्याच झाडाचं खालचं खोड वाकवून दाखवलं, खोडकिडीनं पोखरलेलं. साहेबांनी ते कांडं उलटसुलट केलं. मग पट्ट्यात जाऊन चिंधी बांधलेल्या झाडाचं एक कांडं तोडून चिरून बघितलं. दोन्ही शेजारी शेजारी तळहातावर धरली.

"हे पुस्तकात आहे," ते म्हणाले, "पण मी असं करून बघितलं नव्हतं."

धुऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं की हे झालं कसं. मी अप्पांकडं बघितलं नाही. मी म्हणणार होते, यंत्र भावाचं होतं, घाईत राहून गेलं. पण अप्पाच पुढं आले.

"माझ्या हातनं झालं," ते म्हणाले. "यंत्र मी साफ केलं, पन मला दिसंना. बायांची काही चूक न्हाई. मघाशी मी उगी बोललो."

अव्वा पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं असं बघितलं की मला तिथून नजर काढावी लागली.

साहेबांनी नियम सांगितला. भेसळीचा पट्टा आणि त्याच्या पुढची थोडी सुरक्षित जागा आधी कापून शेतातून बाहेर न्यायची, ती खाण्याला. बाकीच्या शेतात आम्ही अजून एक फेरी करायची. ते कापणीच्या आधी पुन्हा येतील, आणि ठीक असेल तर तेवढं क्षेत्र पास करतील. त्यांनी सकाळचा कागद खिशातून काढला, त्याच्यावर रेघ मारली आणि नवा लिहिला. जाताना मला म्हणाले, "अक्का, तुमचा नंबर द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही पट्ट्याबाहेरच्या शेतात फेरी करून त्या तीन झाडांसकट उरलेली सगळी भेसळ काढली. गहू पिवळा पडल्यावर पट्टा विळ्यांनी कापला, वेगळा मळला. मग हार्वेस्टर आला, आणि त्याची टाकी मी स्वतः आत हात घालून, कोपरे चाचपून बघितल्याशिवाय त्याला शेतात उतरू दिलं नाही. चालवणारा पंजाबकडचा, तो हिंदीत कुरकुर करत होता. अप्पा त्याला हिंदीतच म्हणाले, "देखने दो उनको. मेरा खेत है." त्या वर्षीचं बियाणं पास झालं.

उन्हाळ्यात बिदरला अप्पांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिवाळीनंतर दुसऱ्याचं. मी भेटायला गेले तर ते ओट्यावर हिरवा चष्मा लावून बसले होते आणि समोरच्या घराच्या पत्र्याला किती खिळे आहेत ते अव्वांना सांगत होते. अव्वा म्हणाल्या, "आधी बरं होतं बाई. आता माझ्या पदराचं भोक बी दिसायलंय ह्यास्नी."

माझ्यातही एक बदल झाला. भेसळीचं काम ओंब्या निसवल्यावर सुरू होतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते पेरणीच्या दिवशी सुरू होतं. आता ज्याचा प्लॉट माझ्याकडं असेल त्याच्या पेरणीला मी जाते. पेटी उलटी करायला लावते, नळ्यांत फुंकर मारते, कोपऱ्यांत बोट घालते. काही शेतकऱ्यांना राग येतो. येऊ दे. आणि दुसरी फेरी मी पुढं ढकलत नाही, स्वतःची तूर झडली तरी.

मागच्या हिवाळ्यात त्याच साहेबांनी हुमनाबादला शेतकऱ्यांच्या बैठकीत मला बोलायला बोलावलं. पन्नास-साठ पुरुष खुर्च्यांवर, आणि मी पुढं, हातात गव्हाची पेंढी. अर्धं कन्नडमध्ये बोलले, अर्धं मराठीत. मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं, एवढी बारकाई करायला वेळ कुणाला आहे? मी म्हटलं, वेळ नसला तर खाण्याचा गहू करा, तोही चांगलाच असतो. लोक हसले, आणि मग प्रश्न विचारायला लागले.

यंदा आम्ही आमच्या अर्ध्या एकरात बन्सी पेरला आहे. बियाण्यासाठी, माझ्या नावानं अर्ज करून. नवरा म्हणाला होता, "जमीन माझ्या नावावर हाय, अर्ज बी माझ्याच नावानं कर." मी म्हटलं, गहू मी करणार आहे. त्यावर त्यानं संमतीच्या कागदावर सही करून दिली. गहू आता पोटरीत यायला लागला आहे. उद्या तिसरं पाणी द्यायचं आहे, आणि या आठवड्यात मोटारीच्या विजेची पाळी सकाळची आहे, म्हणून लवकर उठायचं आहे.